फांद्या खाणारं यंत्र आणि मी

शेठ दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत येणार होते आणि माझ्या यंत्राला भरवायला एक फांदी शिल्लक नव्हती.

तेव्हा मी सोलापुरातल्या एका कापडगिरणीत फिटर होतो. नेमणूक बॉयलरवर. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांनी वैशाखात इथं यावं आणि दार लावून पेटत्या चुलीपुढे बसावं, म्हणजे माझी नोकरी कळेल. त्या खोलीतून बाहेर पडणं एवढी एकच इच्छा मला उरली होती. बढती नको, पगारवाढ नको, फक्त वारा हवा होता.

आमचे मॅनेजर लिमये साहेब विलायतेला राहून आलेले. येताना गुलाबांचं वेड घेऊन आले. त्यांना गिरणीच्या कंपाउंडात पडलेल्या फांद्या बघवत नसत. कडुलिंबाची आणि बाभळीची पुष्कळ झाडं होती, वावटळ आली की काही ना काही मोडायचंच. साहेबांनी फांद्यांचा चुरा करणारं यंत्र मागवलं. चुरा गुलाबांच्या बुडाशी पसरायचा, म्हणजे ओल टिकते, असं त्यांनी तिकडे पाहिलं होतं.

यंत्र आलं तसं साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, शेठांपुढे हे नीट चालवून दाखवलंस तर तू कायमचा यावर, लिंबाच्या सावलीत. शेठांना पटलं नाही तर यंत्र भंगारात आणि तू बॉयलरवर. मी त्या यंत्राच्या पाया पडायचाच बाकी होतो.

यंत्र तसं साधं. एक जाड चाक, त्यावर पोलादी पाती. चाक ऑइल एंजिनच्या पट्ट्यावर गरगर फिरतं. वर पत्र्याचं तोंड, त्याला हॉपर म्हणतात, त्यातून फांदी आत सोडायची. आत एक पातं बसवलेलं असतं, ते हलत नाही. फिरती पाती त्याच्या अगदी अंगाला घासून जातात आणि मधे सापडलेल्या लाकडाच्या ढलप्या होतात. सगळी मेख त्या फटीत आहे. मी पोस्टकार्ड घालून बघायचो. एक कार्ड सहज गेलं पाहिजे, दुमडून घातलं तर अडकलं पाहिजे. फट वाढली की लाकूड कापलं जात नाही, नुसतं चावलं जातं. आणि ओला पाला आत गेला तर त्याची चटणी होऊन सगळं तुंबतं.

पहिली ट्रायल घ्यायला लाकूड हवं होतं. समोर यंत्राचीच रिकामी पेटी पडली होती. मी तिच्या फळ्या आत सोडल्या. खिळे काढायला हवेत हे मला आवाज आल्यावर आठवलं. यंत्रानं स्वतःची पेटी खाल्ली आणि दात पाडून घेतले. पुढे किती तरी वेळ मी पाती काढून, तेल टाकून, दगडावर घाशीत बसलो होतो. साहेब विचारत होते, मशीन तयार आहे ना? मी म्हणत होतो, फिनिशिंग चाललंय.

पात्यांना धार लागली, पण फांद्या कुठे होत्या? साहेब राऊंडला सकाळी येत, म्हणून त्यांना कंपाउंडात फांद्या दिसत. दुपारी आले असते तर त्यांनी यंत्र मागवलंच नसतं. कारण दुपारपर्यंत चाळीतली कोंडाबाई शेळ्या घेऊन येई आणि पाला संपे. मग बायका येऊन चुलीसाठी काटक्या मोडून नेत. बाभळीचे काटेरी फास कुंपणाला जात. राहता राहिलं तर एखादं वाकडं टोक, ते झाडूवाला दात घासायला उचली. सोलापुरात फांदी वाया जात नाही हे साहेबांना माहीत नव्हतं. मला जन्मापासून माहीत होतं, पण वाऱ्याच्या आशेनं मी तिकडे बघितलंच नव्हतं.

शेठ येणार म्हणून आदल्या दिवशी मी दोन मोठ्या फांद्या मुद्दाम तोडून घेतल्या आणि वॉचमन इमामला राखणीला बसवलं. तासाभरानं जाऊन बघतो तर जमीन साफ. इमाम बिडी ओढत होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मैं क्या करूं फिटर, मेरेकू बी तो बकऱ्या हैं."

शेवटी मी सायकल काढली आणि मोहोळच्या रस्त्याला लागलो. तिथं एक म्हातारा शेतकरी बांधावरची बाभूळ तोडत होता. त्याला म्हटलं, गाडीभर फांद्या विकत पाहिजेत.

"जाळायला का?"

"नाही. बारीक तुकडे करायचे."

"आन् मंग जाळायचं."

"नाही. गुलाबाच्या बुडाला टाकायचे."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "घरचं कुणी संगं हाय का तुमच्या?"

गाडी मात्र त्यानं वेळेवर आणली. यावेळी मी कुणावर विश्वास टाकला नाही. रात्रभर त्या फांद्यांना टेकून झोपलो. सकाळी पाठ काट्यांनी भरली होती.

शेठ आले. मी हात जोडून सांगितलं की पट्ट्याजवळ सैल कपडा चालत नाही. शेठांनी उपरणं कमरेला गुंडाळलं आणि साहेबांना टायची भीती वाटू लागली म्हणून तो त्यांनी सदऱ्यात कोंबला. मी एंजिन चालू केलं, फांदी हॉपरमधे सोडली. काय सांगू! आत गेली फांदी आणि पलीकडून ढलप्यांचा फवारा निघाला. एकदाही तुंबलं नाही. मला त्या क्षणी लिंबाखाली टाकलेली माझी खुर्चीसुद्धा दिसायला लागली.

तेवढ्यात चाळीतल्या बायका पाट्या घेऊन हजर. सगळ्यांत पुढे कोंडाबाई. ती खाली बसून सरळ ढलप्या भरायलाच लागली. साहेब धावले. म्हणाले, बाई, ते गुलाबांसाठी आहे.

कोंडाबाई उठली नाही. "गुलाबाला लाकूड कशाला वो साहेब? त्यो काय भाकरी भाजतोय व्हय?"

शेठ हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी मूठभर ढलप्या उचलल्या, हातात खेळवल्या, वास घेतला.

"फिटर, ह्या बॉयलरमधे चालतील का?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या धंद्यातला प्रश्न आणि विचारणारे साक्षात शेठ! मी छाती काढून म्हणालो, "एक नंबर चालतील शेठ. वाळवून कोळशात मिसळल्या तर भट्टी झटक्यात पेट घेते. बॉयलरचं मला सगळं ठाऊक आहे."

"मग झालं," शेठ म्हणाले. "मशीन बॉयलरच्या दाराशी बसवा. हाच माणूस द्या. दोन्ही कामं जाणतो."

साहेबांनी शब्द पाळला. मी कायमचा यंत्रावर गेलो. पुढे एंजिनची धग, मागे बॉयलरची, कानात दोन्हींचा आवाज. म्हाताऱ्याची गाडी नेमानं येऊ लागली. लिंबाच्या फांद्यांचा पाला तुंबू नये म्हणून आधी ओरबाडून काढावा लागे, तो कोंडाबाईच्या शेळ्यांना. शेळ्या दाराबाहेर सावलीत बसत. मी आतून त्यांच्याकडे बघत असे. गुलाबांना शेवटपर्यंत काही मिळालं नाही.

नव्या फिटरांना मी एवढंच सांगतो. पाती धारदार ठेवा, फट पोस्टकार्डानं तपासा, लाकडातले खिळे आधी काढा. आणि यंत्र छान चाललेलं असताना शेठांनी बॉयलरबद्दल काही विचारलं, तर म्हणा, मला काय कल्पना, मी गुलाबांकडे असतो.