एक जूनची धोंडूबाई

अंगणवाडीची मदतनीस धोंडूबाई रोज सकाळी पोरांची खिचडी चढवायच्या आधी बाहेरच्या फळ्यावर दिनविशेष लिहिते. वर तारीख, डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू. सांगितलं कुणी? कुणीच नाही. सून भावनाच्या मोबाइलवर तिनं एकदा ते वाचलं आणि बाईला नादच लागला. कुठला शास्त्रज्ञ, कुठली राणी, कुठला पैलवान, कधी जन्मला नि कधी गेला, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. गाव हसतं. हसू दे! शहापूरच्या बाजाराला निघालेली तीच माणसं फळ्यापाशी थांबून वाचतात, हे तिला दिसतं.

आता गंमत बघा. जगाचे जन्म तोंडपाठ आणि स्वतःचा ठाऊक नाही. आधारवर एक जून आहे, पण तो काय तिच्या एकटीचा? त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून ठोकून द्यायचे, त्यामुळे निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. यंदा भावनानं हौसेनं केक आणला. धोंडूबाईनं सुरी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. हा मास्तरांचा दिवस गो, माझा नाय, म्हणाली आणि तिला रडू आलं. मुलगी झाली म्हणून आपला दिवस कुणी लक्षात ठेवला नाही, हे तिच्या मनात लहानपणापासून सलत होतं. आईबाप केव्हाच गेलेले. विचारायचं कुणाला?

मग तिनं गावातल्या म्हाताऱ्यांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. एकीनं सांगितलं, भातकापणी चाललेली. दुसरी म्हणाली, छे, कडाक्याची थंडी होती. तिसरीनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, राघोला इचार, त्याला पक्कं ठाव.

घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा. राघोकाका शेजारचाच, ऐंशीच्या घरातला, एकटा राहणारा. धोंडूबाई चहा घेऊन त्याच्या ओट्यावर गेली. तिनं विचारलं तसा त्यानं कप खाली ठेवला. मग सांगू लागला.

पौष पौर्णिमा होती. म्हशाची जत्रा लागलेली, आणि बैलांच्या बाजारासाठी गावातले गडी गाड्या जुंपून तिकडे गेलेले. गावात सुईण एकच आणि बाळंतपणं दोन: धोंडूबाईची आई, आणि राघोची तरणी बायको चांगुणा. सुईण आधी धोंडूबाईच्या आईकडे गेली. चांगुणाचं अडलं तसा राघो सुईणीला न्यायला धावत आला, पण इकडे मूल आडवं आलेलं, तिला हात काढता येईना. दवाखान्यात न्यायला गाडी नव्हती. सुईण राघोच्या घरी पोचली तोवर चांगुणा पोटातल्या बाळासकट गेली होती. पोरीला हे कळू देऊ नका, असं धोंडूबाईच्या आईनं सगळ्यांना हात जोडून सांगितलं, आणि एरवी एवढं बोलघेवडं गाव त्याबाबत गप्प राहिलं.

"तुझं पयलं रडणं मी आयकलं गो," राघो म्हणाला. "तुमच्याच अंगणात उभा व्हतो."

धोंडूबाईला मान वर करवेना. माझा राग नाय आला का, तिनं कसंबसं विचारलं. आला तर, तो म्हणाला. तुझं तोंड बघायला नको वाटायचं. मग तू रांगायला लागलीस आणि आपणच या ओट्यावर आलीस. एवढं बोलून त्यानं गार झालेला चहा पिऊन टाकला.

पौष पौर्णिमेला धोंडूबाईनं फळा स्वच्छ पुसला. मृत्यूच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: चांगुणा, राघोची बायको, आपल्या गावची. राघो काठी टेकत आला. त्याला वाचता येत नाही, म्हणून तिनं वाचून दाखवलं. त्यानं डोळे पुसले आणि दुसऱ्या बाजूला काय लिवलंय, ते विचारलं.

काही नाही, ती म्हणाली. आज त्या बाजूला हात जात नाय.

"लिव तुझं नाव," राघो म्हणाला. "ती एकटी कशाला ऱ्हाईल?"