आपलं ताट आपण धुवायचं

"उभी राहा," मॅडम म्हणाल्या. मी उभी राहिले.

बीएचं पहिलं वर्ष, समाजशास्त्राचा तास, समाजीकरण शिकवणं चालू. मॅडमनी वर्गाला माझ्याकडे बघायला सांगितलं. म्हणाल्या, "संस्कृती शिकवावी लागत नाही, अंगात मुरते. ही माझ्या घरी जेवली आणि कुणी न सांगता स्वतःचं ताट घासून ठेवलं. बाकीच्यांनी ठेवलं? प्रत्येक समाजाचं आपापलं वळण असतं."

मागून कुणीतरी हसलं. मॅडमना वाटलं, आपण कौतुक केलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि त्याचाच आज जास्त राग येतो.

रविवारी त्यांनी आम्हा मुलींना मनीषनगरच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं. मुली ताटं टेबलावर तशीच ठेवून सोफ्यावर जाऊन बसल्या. मी माझं ताट उचललं. आईनं लहानपणापासून बजावलेलं, दुसऱ्याच्या घरी जेवलं की आपलं ताट आपण धुवायचं. मी किचनच्या सिंककडे वळले, तर मॅडमनी मागच्या बाल्कनीतल्या नळाकडे बोट दाखवलं. मी तिकडे गेले. उकिडवं बसून ताट घासलं. आतून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. बाकीची ताटं नंतर सिंकमध्ये गेली, तेही मी पाहिलं. पाहिलं, पण डोक्यात शिरलं नाही.

वर्गातल्या त्या कौतुकानंतर कॅन्टीनमध्ये शेजारच्या मुलीनं पोह्याची उष्टी प्लेट माझ्याकडे सरकवली. "तुला सवय आहे ना," म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार होते?

आई बुटीबोरीच्या कापडाच्या कारखान्यात जाते. संध्याकाळी ती परतली, पाय धुऊन टेकली, तेव्हा मी तिला विचारलं, आपण ताट काहून धुतो? तिला प्रश्नच कळेना. मी पुन्हा विचारलं. मग ती पायाची बोटं चोळत बोलली.

"तुही आजी पाटलाच्या वावरात निंदाले जाय. जेवाले मिळे, पण तिच्या ताटाले कोणी हात लावे नाही. तिनंच धुवायचं, तिनंच गोठ्यात वेगळं ठेवायचं. मंग तिनं मले शिकवलं, कुठंबी जेवली तं आपलंच ताट पयले उचलायचं. कोणी म्हणाच्या आधी आपणच धुतलं तं लाज वाटत नाही."

"आणि तू मले शिकवलं."

"हो. काहून?"

तिला काय सांगणार? ज्याला मी चांगलं वळण समजत होते, ते गोठ्यातून आमच्या घरात आलं होतं. घरात बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, आणि हातात आजीचं वेगळं ताट. त्या रात्री मला फार एकटं वाटलं. आई शेजारीच झोपली होती, तरी वाटलं.

पुढच्या तासाला मी न सांगता उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, तुम्ही माझं उदाहरण अर्धंच सांगितलं." आजीचं सांगितलं. गोठ्याचं सांगितलं. मग बाल्कनीतल्या नळाचंही सांगितलं.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "तू फारच मनाला लावून घेतलंस. हा आजचा विषय नाही. बस खाली."

"हाच विषय आहे," मी म्हटलं. आणि बसले नाही. त्यांनी फळ्याकडे तोंड करून उरलेला तास शिकवला.

त्या दिवसापासून माझ्या बाकावर कुणी बसेना. मुलींचा मोबाइलवर ग्रुप होता, त्यातून माझा नंबर काढला गेला. आईही चिडली, म्हणाली, मोठ्या लोकांशी वैर काहून घेतं? ज्यांच्यासाठी बोलले त्यांच्यातही मी एकटीच पडले. वर्ष तसंच काढलं. डबा जिन्याखाली बसून खात होते. रडू यायचं, खोटं कशाला सांगू?

आजही परक्या घरी जेवण झालं की हात आपोआप ताटाकडे जातो. मी तो मागे घेते. दरवेळी घ्यावाच लागतो. उठले नाही की यजमानीण कधी कधी बघत राहते. बघू दे. घरातले सगळे आपापलं ताट त्याच सिंकमध्ये धुणार असतील, तर मीही धुईन. एकटी मी उठणार नाही.