आईची मापाबाहेरची किडनी

आमच्या पप्पांना जगातली प्रत्येक गोष्ट मापात लागायची. अंबडच्या एमआयडीसीत त्यांची सगळी नोकरी इन्स्पेक्शनला गेली. लेथवरून पीस आला की मोजायला व्हर्नियर लावायचा; मापात असला तर ट्रेमध्ये, केसभर जरी जास्त भरला तरी लाल पेटीत. रिजेक्ट. रिटायर झाल्यावरही ही खोड गेली नाही. पोळी एका बाजूने जाड झाली तर तोंडाने काही बोलायचे नाहीत, पण ताटात फिरवून फिरवून बघायचे. मग आई म्हणायची, "खा आता. व्हर्नियर आणू का?" इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर त्यांचं हे चालायचं आणि मी वैतागायची. आज कोणी ती कटकट पाच मिनिटं ऐकवली ना, तर हातातलं काम टाकून ऐकत बसेन.

पप्पांच्या दोन्ही किडन्या बीपीने खाल्ल्या. डायलिसिस सुरू झालं आणि माणूस उन्हात ठेवलेल्या भाजीसारखा सुकत चालला. तेव्हा आईने आपली एक किडनी द्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, सांगून टाकलं. तिचं माहेर नामपूरचं, कांद्याच्या लिलावाचा आरडाओरडा ऐकत वाढलेली बाई, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारी. पण इथे तिने घासाघीस केली नाही. पप्पा नको नको म्हणत राहिले, तर म्हणाली, "दोन आहेत ना मला? त्या काय पाटल्या आहेत, जोडीनंच घालायला?"

ऑपरेशन छान झालं. आईची डावी किडनी पप्पांच्या पोटात उजव्या बाजूला खाली बसवली आणि ती लगेच कामालाही लागली. डॉक्टरांनी पप्पांना समोर बसवून समजावलं होतं, की तुमच्या शरीराला ही किडनी परकी वाटते, ते तिच्याशी भांडायला उठतं. त्याला गप्प ठेवायला सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल घ्यायची, जन्मभर, एकही चुकवायची नाही. पप्पांनी मोबाइलवर गजर लावला. नियम पाळायला मिळाला की हा माणूस खूश! गजर वाजायचा, पप्पा ताठ बसायचे, कॅप्सूल घ्यायचे आणि पेला पालथा घालायचे.

वर्षभराने आईची तपासणी आली. सोनोग्राफी झाली, रिपोर्ट हातात पडला, पण आमचे डॉक्टर बाहेरगावी होते, पुढच्या आठवड्यात येणार होते. तेवढा धीर पप्पांना कुठला? सेंटरच्या पायरीवरच चष्मा लावून त्यांनी रिपोर्ट वाचला. आईची उरलेली किडनी नेहमीपेक्षा मोठी झाली होती. सेंटिमीटरमध्ये माप लिहिलेलं, म्हणजे त्यांच्या खास भाषेतच. संध्याकाळी मी माझ्या घरून त्यांच्याकडे गेले तर चहा तसाच निवत ठेवलेला.

"मापाबाहेर गेलीय," ते हळूच म्हणाले. "दोघींचा लोड एकीवर आला. मोटर आधी फुगते, मग जळते."

"पप्पा, ती किडनी आहे, पंप नाही. डॉक्टर येऊ द्या."

"हो, येऊ दे," म्हणाले. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय!

दुसऱ्या दिवसापासून पप्पांचं वागणंच बदललं. अंथरुणं काढू लागले, पाणी भरू लागले, आईला साधं पातेलं उचलू देईनात. जन्मात कधी भाजी निवडली नव्हती, ते मेथी घेऊन बसले. आईने मला फोन करून सांगितलं, "तुझ्या बापाचं काहीतरी बिनसलंय. मी काय बाळंतीण आहे का, एवढे लाड करायला?" मी हसले. तिला मात्र हसू येत नव्हतं. बायकोला नवऱ्याचं गोड वागणं सगळ्यात आधी खटकतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

मग तो धुण्याचा दिवस आला. आईने पप्पांचा शर्ट बादलीतून काढला तर खिशात नुसता लगदा. कॅप्सुली! फुगलेल्या, फुटलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मी दोन गल्ल्या सोडून राहते. "आत्ताच्या आत्ता ये" एवढंच ती फोनवर बोलली. पोचले तेव्हा ओला शर्ट तसाच तिच्या हातात होता आणि पप्पा खुर्चीत खाली मान घालून बसले होते. आई खरी संतापली की तिची इंदिरानगरची भाषा गळून पडायची आणि नामपूरची अहिराणी वर यायची.

"हाई काय शे?" ती ओरडली. "तुमनं डोकं फिरनं का?"

गजर झाला की पप्पा कॅप्सूल मुठीत धरायचे, पाणी प्यायचे आणि कॅप्सूल खिशात टाकायचे. रिपोर्ट आल्या दिवसापासून हे चाललं होतं. मी विचारलं, का? ते माझ्याशी नाही, आईशी बोलले.

"तुझी ती आता टिकायची नाही. मग तुला कोण देणार? ही तुझीच आहे, तुला लागणार. गोळ्यांनीच ती माझ्यात धरून ठेवलीय ना? बंद केल्या की शरीर सोडून देईल. मग डॉक्टरांनी काढायची आणि तुला परत बसवायची. मी जाईन पुन्हा डायलिसिसला."

नट ढिला करून पार्ट काढावा तसा त्यांचा प्लॅन होता! पण हसायची सोय नव्हती. एवढे दिवस गोळ्या नाहीत म्हणजे पप्पांचं शरीर आतून त्या किडनीवर उठलं असणार. ती खराब झाली असती तर आईलाही मिळाली नसती आणि पप्पाही हातचे गेले असते. आईने शर्ट बादलीत फेकला आणि त्यांच्या दंडाला धरून उठवलं.

डॉक्टर नुकतेच परतले होते. रक्त घेतलं. क्रिएटिनिन चढलेलं होतं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं होतं. पप्पांना ॲडमिट करून सलाइनमधून औषध सुरू केलं. आई कॉटपाशी बसली आणि तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. अबोला आमच्या घरात कधीच नव्हता, भांडण असायचं. मला तो अबोला भांडणापेक्षा जड वाटला. मी मनातल्या मनात पप्पांना शिव्या देत होते आणि डोळे पुसत होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर हसत आले. आकडा उतरला होता. आधी त्यांनी पप्पांना चांगलं फैलावर घेतलं, मग स्टूल ओढून बसले.

"काका, काकूंची किडनी बिघडलेली नाही. ती वाढलीय, आणि वाढायलाच पाहिजे होती. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. जन्मताना जेवढ्या असतात तेवढ्याच, नव्या होत नाहीत. जोडीतली एक काढली की उरलेलीकडे जास्त रक्त येतं, जास्त काम येतं. मग त्या गाळण्यांमधल्या आहेत त्याच पेशी आकाराने मोठ्या होतात आणि सगळी किडनीच थोराड होते. पैलवानाचा दंड भरतो तो कसा? बहुतेक आहेत तेच तंतू जाड होतात. सूज वेगळी, गाठ वेगळी. ही वाढ कामाची आहे. बीपी आणि साखर सांभाळली की झालं."

पप्पांना ते इतक्या सहज कसं पटणार? "पण डॉक्टर, लोड वाढला की वस्तू झिजायला पाहिजे ना?"

"लोखंड झिजतं, काका. हे जिवंत आहे."

आई तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "आमच्याकडं कांदा दाट लागला की बारीक राहतो. शेजारचा उपटला की उरलेला पोसतो. एवढं साधं आहे." मग पप्पांकडे वळून म्हणाली, "माझी पोसलीय. तुम्ही तुमची सांभाळा."

पप्पांनी डॉक्टरांना विचारलं, मग माझ्यातली? डॉक्टरांनी मशीन मागवलं, पोटावर जेल लावून माप घेतलं. तीही वाढली होती. दोघांनी मान वाकडी करून त्या करड्या पडद्याकडे पाहिलं. पप्पा रडायला लागले. आई त्यांच्या पोटावरचं जेल पुसत राहिली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

त्यानंतरची वर्षं आमच्या घरातली सगळ्यात सुखाची. दोघं रोज जॉगिंग ट्रॅकवर जायची, पप्पा पुढे, आई मागे. ओळखीचं कुणी भेटलं की पप्पा सांगायचे, "हिच्याच जिवावर चाललोय," आणि आई म्हणायची, "मग जरा हळू चाला." रविवारी आम्ही मिसळ आणायचो. मिठाचं पथ्य म्हणून पप्पांच्या वाट्याला बिनमिठाची मटकी यायची. ते आमच्या रश्श्याचा नुसता वास घेत बसायचे, आणि आई बघत नाही असं वाटलं की पावाचा तुकडा माझ्या वाटीत बुडवायचे. ती बघत असायची. सकाळ-संध्याकाळ गजर वाजला की तोंड उघडून कॅप्सूल गिळल्याचं दाखवावं लागायचं, लहान पोराला लावावं तसं. मला ते सगळं हवंय. तो गजरसुद्धा.

पप्पा गेले ते हृदयाच्या झटक्याने, गेल्या हिवाळ्यात, सकाळी दाढी करताना. किडनीने शेवटपर्यंत दगा दिला नाही.

दुपारी त्यांना न्यायची सगळी तयारी झाली. बायका अंगणात मागे सरकल्या. आमच्यात बायका अमरधामात, स्मशानात जात नाहीत. आई मात्र पदर खोचून पुरुषांच्या मागे चालू लागली. धाकट्या काकांनी तिला हात जोडले. "वहिनी, तुम्ही घरी थांबा. रीत नाही आपल्यात."

आई थांबली. रडत नव्हती. काकांना म्हणाली, "भाऊजी, त्यांच्यात माझीही एक चाललीय. तिला मी एकटी कशी पाठवू?"

काकांनी वर पाहिलं नाही. शववाहिनीचं दार उघडलं, आईला हात देऊन वर चढवलं आणि पप्पांशेजारी, उजव्या बाजूला, तिला बसायला जागा करून दिली.