चिवटीचं अंगण

आमच्या शेजारच्या वहिनीला गल्लीत सगळे पाठीमागे खराटा म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. उजाडायच्या आत ती अंगणात उतरायची, कमरेत वाकायची आणि फाटकापासून उंबऱ्यापर्यंत मातीवर एकसारख्या रेघा ओढत यायची. घरात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. भिंतींचा गिलावा सुटलेला, भांड्यांना पोचे आलेले, मूलबाळ नाही. पण अंगण असं, की ताट न घेताच जेवायला बसावं. वाऱ्यानं आलेलं पानसुद्धा आमच्याकडे पडायला बिचकतं, असं तिचा नवरा म्हणायचा.

हा नवरा दगडाच्या खाणीत ड्रिल चालवायचा. त्याला सगळे ड्रिलवालाच म्हणायचे. उमेदीची सगळी वर्षं त्याने खडकाला भोकं पाडली आणि त्या भोकांतून उडणारी पांढरी भुकटी निमूटपणे छातीत साठवली. मग छाती वाजायला लागली आणि खाणीने त्याला घरी पाठवलं. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला आणि वहिनीला बाजूला घेतलं. आत गेलेली धूळ आता बाहेर निघायची नाही, नवी जाऊ देऊ नका, जितकी टाळाल तितकं आयुष्य, एवढंच त्याने सांगितलं.

वहिनीने ते अक्षरशः पदराला गाठ मारून घरी आणलं. खिडक्यांना ओली फडकी लावली. गाद्या लांब नेऊन झटकू लागली. पण बंद खोलीत ड्रिलवाल्याचा जीव गुदमरायचा. त्याचा पलंग दाराशी ओढावा लागला, आणि दारासमोर ते उघडं अंगण. तेव्हा वहिनीने तिच्या समजुतीप्रमाणे उपाय वाढवला. सकाळी झाडायची ती संध्याकाळीही झाडू लागली.

युक्ती ड्रिलवाल्यानेच काढली. खाणीमागे दगडाचा चुरा टाकतात, त्या उतारावर एक रानफूल येतं. खाणीवरची माणसं त्याला चिवटी म्हणत. लहान, जाड पानं, जमिनीला पोट लावून पसरणारी, आणि थंडी सरताना नखाएवढी जांभळी फुलं. शेजारून भरलेला ट्रक गेला तरी त्या उतारावरून धूळ उठत नाही, असं त्याने पाहिलं होतं. अंगणात गवत लावायचं तर पाणी कुठलं? ही पाणी मागत नाही.

दुसऱ्याच दिवशी वहिनी पाटी घेऊन उतारावर गेली. मुळांसकट गड्डे काढून आणले, टणक माती कुदळीने फोडली आणि हातभर अंतरावर एकेक गड्डा बसवला. सगळे जगले. पण जिथे लावले तिथेच बसले, सदऱ्याच्या गुंड्या बसाव्यात तसे. महिने गेले, दोन गड्ड्यांमधली माती काही झाकेना. वहिनीने शेणखत घातलं, शिव्या घातल्या, पाणी घालून पाहिलं. ड्रिलवाल्याची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, एकदा येऊन म्हणाली की तुझ्या धाकाने झाडपाला पण हात-पाय आखडून बसलाय.

ड्रिलवाला मात्र खचत होता. सकाळच्या वेळी तर त्याचा खोकला भिंतीपलीकडे आम्हाला झोपू द्यायचा नाही. पहाटेचा गारवा बाधतो, असं वहिनी सांगायची. झाडून झालं की हात धुऊन त्याला गरम पाणी द्यायची आणि पाठ चोळत बसायची.

मग वहिनी तापाने पडली. ताई मदतीला आली. तिने स्वयंपाक सांभाळला, भावाचं औषधपाणी सांभाळलं, पण खराट्याला हात लावला नाही. वाकलं की पाठ धरते म्हणाली. वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निपचित पडली होती, म्हणून अंगण पहिल्यांदाच तसंच राहिलं.

ताप उतरल्यावर ती भिंत धरत बाहेर आली तेव्हा मी कुंपणापाशी दात घासत होतो. पाचोळा पाहून तिचा चेहराच पडला. तिने खराटा उचलला, दोन फटके मारले आणि थबकली. पाचोळ्याखालून प्रत्येक गड्ड्याचे दोरे बाहेर पडले होते. शिवणाच्या दोऱ्याएवढेच, पण पेरापेराला मूळ धरलेलं. तिने एक ओढून पाहिला. तो सुटला नाही. हेच दोरे ती रोज सकाळ-संध्याकाळ खरडून काढत होती.

तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. एवढं उजाडलं तरी ड्रिलवाला तोंड मिटून झोपला होता.

"हे कधीपासून असे झोपतायत?" तिने ताईला विचारलं.

"तू आडवी झालीस तेव्हापासून. सकाळचा खोकलाच नाही. तू आजारी पडलीस ते बरंच झालं म्हणायचं."

ताई हसली. वहिनी खाली बसली. ड्रिलवाला जागा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि मग तिने एकच विचारलं.

"माझ्या झाडण्यानेच धूळ उडते हे तुम्हाला माहीत होतं, तर मला सांगितलं का नाही?"

"अख्ख्या गल्लीत तुझ्यासारखं अंगण नाही," तो म्हणाला. "ते बंद कर असं कोणत्या तोंडाने सांगू?"

वहिनीने खराटा ताईला देऊन टाकला. अंगणात कचरा साचू लागला. आजारी माणसाचं घर, आता कुठलं झाडणं, असं जाता-येता लोक बोलायचे आणि ती ऐकून घ्यायची. पहाटे सवयीने जाग यायची, तेव्हा उंबऱ्यावर बसून ती एका हाताने दुसरा हात दाबून धरायची. उजाडलं की मोठी पानं तेवढी हाताने वेचायची. आणि चिवटी सरकू लागली. ड्रिलवाला पलंगावरून विचारायचा, आज कुठवर आली? ती सांगायची. कधीकधी वीतभर पुढचं सांगायची.

थंडी सरता सरता डाव्या बाजूचं अंगण उंबऱ्यापर्यंत दाट भरलं. उजवी बाजू कडक होती, ती उघडीच राहिली. जांभळी फुलं आली. पण आत गेलेली धूळ आत बसून आपलं काम करत होती. भर दुपारी, फडकी ओली करायला वहिनी उठली तेवढ्यात ड्रिलवाला गेला.

आम्ही चौघांनी त्याला उचललं. दारात आल्यावर ताई हुंदके देत म्हणाली की मोकळ्या बाजूने जा, फुलं तुडवू नका, तिने जिवापाड जपलीयत. पुढच्या माणसाने पाय उजवीकडे वळवला. वहिनी आडवी आली.

"तिकडून नको. धूळ उडेल."

कोणीतरी हळूच म्हणालं, "आता काय त्याचं, वहिनी?"

"फुलांवरून न्या."

आम्ही फुलांवरून निघालो. पाय टाकायला जड जात होतं. वहिनी आमच्या पायांकडे बघत कडेने चालत राहिली. फाटकाशी आल्यावर ती थांबली. पुढचा रस्ता कच्चा होता.