ओल्या रस्त्यापलीकडचं दार

आमच्या रस्ते खात्यात त्याला सगळे ‘उद्यावाला’ म्हणत. ज्या गल्लीला डांबराचा पातळ लेप द्यायचा असेल तिथे आदल्या संध्याकाळी जायचं, एकेक दार वाजवायचं आणि सांगायचं, “उद्या रस्ता बंद राहील. गाड्या हलवा, सुकेपर्यंत पाय ठेवू नका.” दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी अडथळे लावून पहारा करायचा. एवढंच त्याचं काम. लेपाचा ट्रक मी चालवतो, म्हणून मला त्याची ओळख.

लोक त्याच्याशी हुज्जत घालत. “चांगल्या रस्त्याला कशाला हात लावता? तिकडे मागे खड्डे पडलेत ते बुजवा.” मी असतो तर फाडकन बोललो असतो. हा मात्र शांतपणे समजावायचा की रस्ता चांगला असतो तेव्हाच लेप द्यायचा असतो. भेगांतून पाणी आत गेलं की खालचा थर सुटतो आणि मग लेपाने भागत नाही, सगळं उकरावं लागतं. माणूस ऐकून घेतोय असं दिसलं की तो ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. मला वाटतं, त्याचं आठवडाभराचं बोलणं त्या उंबरठ्यांवरच होत असे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जेवायला तो सगळ्यांबरोबर बसत नसे. डबा घेऊन माझ्या ट्रकच्या केबिनमध्ये यायचा. तिथे दोघंच मावतात, त्यामुळे मी जे काही बोलेन ते त्याच्याशीच असायचं.

अशाच एका दुपारी त्याने मला बहिणीचं सांगितलं. ताईने त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याची बायको आजारी पडली तेव्हा तिची उस्तवार करायलाही ताईच येऊन राहिली. बायको गेली त्या दिवशी हा माणसांनी भरलेल्या घरात ताईला म्हणाला, “तू घरगुती औषधांत वेळ घालवलास, म्हणून ती गेली.” ताईने पिशवी भरली आणि निघून गेली. “खरं होतं का ते?” मी विचारलं. “नव्हतं रे,” तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

मग यंदा ताईची गल्ली लागली. त्याला आठवडाभर झोप नव्हती. मी त्याला म्हटलं, अरे, यापेक्षा चांगली संधी कुठली? कामासाठी आलोय म्हणायचं, दार वाजवायचं, पुढचं पुढे. त्याने मान हलवली. तिने दार उघडलं नाही तर, एवढीच त्याची धास्ती होती. त्या संध्याकाळी तो नवा शर्ट घालून गेला, तेव्हा मला बरं वाटलं.

सकाळी आम्ही पोचलो तर सगळी गल्ली मोकळी आणि मधोमध एका घरासमोर एकच गाडी उभी. मुकादम भडकला. “या घराला सांगितलं नव्हतं?”

“वाजवलं होतं. कुणी नव्हतं,” उद्यावाला म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मी त्याला खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं, आणि कुणाचं घर ते मला कळलं.

एकदा मिश्रण कालवलं की ट्रक थांबवता येत नाही. आत घट्ट व्हायला लागतं. मुकादम म्हणाला, गाडीला वळसा घाला, तेवढा तुकडा नंतर हाताने भरू. मी ट्रक पुढे काढला. मागे पोरं रबरी फळ्यांनी लेप ओढत होती. ताजा लेप तपकिरी असतो. ऊन लागून काळा झाला की त्यावर पाय ठेवायला हरकत नाही, त्याआधी ठेवला तर ठसा राहतो.

मिश्रण संपवून मी चालत परत आलो तेव्हा उद्यावाला अलीकडच्या फुटपाथवर उभा होता आणि समोरच्या पायरीवर ताई. पांढरे केस, पदर खोचलेला. मध्ये सगळा ओला रस्ता.

“सगळ्या गल्लीची दारं वाजवलीस,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मी आत बसून ऐकत होते. शेजारचं वाजलं तेव्हा चहा टाकला दोघांचा. मग पलीकडचं वाजलं.”

तिने गाडीकडे बोट केलं.

“गाडी मुद्दामच ठेवली. म्हटलं, ती हलवायला तरी येईल.”

एवढं बोलून ती आत गेली. दार तिने लावलं नाही, सताड उघडं ठेवलं.

मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. “जा की.”

“ओला आहे,” तो म्हणाला.

“ठसे मी बुजवतो. फळी मारली की झालं.”

“मुकादम बघेल. लोक बघतायत. रोज मीच सांगतो ना सगळ्यांना.” चपलेचं टोक कडेला लावून तो उभा राहिला, पण पाऊल पुढे टाकलं नाही. मला त्याचा इतका राग आला की मी तिथून निघून ट्रक धुवायला घेतला.

दुपारी ऊन तापलं आणि रस्ता काळा झाला. मी तो तुकडा भरायला मिश्रणाची बादली घेऊन आलो. उद्यावाला तिथेच होता. समोरचं दार आता बंद होतं. तो रस्ता ओलांडून गेला, पायरी चढला आणि त्याने दार वाजवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग दाराशेजारची खिडकी उघडली आणि तिथून एक हात बाहेर आला. हातात गाडीची किल्ली होती.

त्याने ती घेतली. गाडी कोपऱ्यापलीकडे नेऊन लावली, परत आला आणि किल्ली खिडकीपाशी धरली. हात पुन्हा बाहेर आला.

“झालं तुझं काम?” ताईने आतून विचारलं.

त्याचा हात किल्लीवरून लगेच सुटेना. त्याला काय म्हणायचं होतं ते मला बादली घेऊन रस्त्यावर उभा असतानाही कळत होतं.

“झालं,” तो म्हणाला.