जालन्याच्या नळावर धुतलेलं धोतर

आमच्या नळाचं पाणी दिसायला एकदम स्वच्छ. साबण लावला की मग त्याचे गुण कळतात. फेस येत नाही, नासलेल्या दुधासारखे कण तरंगायला लागतात. जालना एमआयडीसीजवळच्या आमच्या कॉलनीत बोरचं पाणी टाकीत चढतं आणि तेच नळाला येतं. तुरीची डाळ कुकरच्या शिट्ट्यांना दाद देत नाही, गिझरची कॉइल पांढरी पडून मरते, शॉवरची भोकं केव्हाच बुजली. न्हाणीतली बादली मुळात कुठल्या रंगाची घेतली होती, हे घरात कुणालाच आठवत नाही. फिल्टरच्या पाण्याचा जार विकत येतो, पण तो प्यायला. या पाण्यापुढे मी कधीच हात टेकले होते. मामाजी राहायला आले आणि पाण्याशी माझं भांडण पुन्हा सुरू झालं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. पिंपळगाव रेणुकाईला शेती, सासूबाई गेल्यापासून तिथे एकटेच राहत होते. मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, नवरा स्टीलच्या कारखान्यात, पाळीवर. आमच्या लहान मुलीला सांभाळायला मामाजी आले, म्हणून तर मी पुन्हा कामावर जाऊ शकले. ते परत गेले तर माझी नोकरी गेली, इतका सरळ मामला होता. आणि ते जातील अशी भीती मला त्यांच्या स्वभावामुळे नाही, त्यांच्या कपड्यांमुळे वाटायची.

धोतर, सदरा, टोपी, सगळं पांढरं. आपण सहज म्हणतो तसलं पांढरं नव्हे. गावी विहिरीवर ते स्वतः कपडे धुवायचे आणि घडी करून गादीखाली ठेवायचे. दिवसभर चिखल तुडवणारा हा माणूस संध्याकाळी पारावर बसला की अंगावर डाग शोधून सापडायचा नाही. या एका बाबतीत ते गर्विष्ठ होते, आणि मला ते फार आवडायचं.

महिनाभरात त्या धोतरांचा रंग चहाच्या गाळणीवर गेला. वाळली की कडकडीत व्हायची. मी सोडा टाकला, तुरटी फिरवली, कपडे उकळून काढले. नीळ दिली, तर त्यावर निळे ढग उठले. मामाजींनी तेही मुकाट्याने नेसलं. फक्त संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी बाकीच्या म्हाताऱ्यांत जाऊन बसायचे, ते बंद झालं.

मग एका शनिवारी म्हणाले, "बाई, शेताकडं एक चक्कर मारून येतो." एसटीने गेले आणि रविवारी परत आले. पिशवीत सगळे कपडे, पांढरेशुभ्र. विहिरीवर धुऊन आणले होते. मग दर शनिवारी तेच सुरू झालं. मारुतीपाशी जाणंही सुरू झालं, आता नातीला बोटाला धरून. मला हायसं वाटलं.

हे सुख फार दिवस टिकलं नाही. माझी नणंद गावातच दिलेली आहे, तिचा फोन आला. "वैनी, राग नका मानू, पण गावात लोक बोलून राह्यलेत. सून शिकलेली हाय, म्हाताऱ्याचं धोतरबी धुवत न्हाई, बिचारा एसटीनं धुणं घेऊन येतो म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मनात ठेवणारी बाई नाही. रात्री ताट वाढलं आणि सांगूनच टाकलं, "मामाजी, तुमची धोतरं घासून बोटं झिजली माझी. आणि सून धोतर धुवत नाही म्हणून गावात अब्रू माझीच चाललीय." लोक काय बोलतात हे त्यांच्या कानावर आलेलंच नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. जेवून हात धुतले आणि नातीला कडेवर घेऊन गच्चीवर गेले.

पुढच्या शनिवारी ते गावी गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी धुतलेलं नेसायचे आणि नातीला भरवायचे. माणूस दुखावलाय, आता जाईल तो कायमचा, याबद्दल मला शंका उरली नाही. प्रयोगशाळेत बियांच्या उगवणीकडे बघता बघता राजीनाम्यात काय लिहायचं, त्याची मी जुळवाजुळव करू लागले.

त्यातच गावी भावकीतलं लग्न निघालं. नवऱ्याने मामाजींसाठी नवंकोरं धोतर आणलं, तेव्हा मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. लग्नाच्या सकाळी मामाजी खोलीतून बाहेर आले ते आमच्या नळावर धुतलेलं पिवळट, कडक धोतर नेसून.

"मामाजी, नवं आणलंय ना?"

"राहू दे ते."

"लोक काय म्हणतील?"

"त्येच बघायचंय."

मांडवात पुढची रांग जाणत्या माणसांची, सगळी पांढऱ्या कपड्यांतली. मामाजी जाऊन बरोबर मधोमध बसले. बायकांत बसलेल्या मला मान वर करवेना. शेवटी भावकीतल्या एकाने विचारलंच, "काय दादा, आज हे असलं धोतर? आजारी पडले का काय?"

मामाजींचा आवाज एरवी बेताचा. त्या दिवशी तो आमच्यापर्यंत आला.

"सुनेनं धुतलंय. रोज धुती. ड्युटी करून येती अन् बोटं झिजस्तोवर घासती. जालन्याचं पाणीच खारं, त्याला ती काय करंल? मी इकडं धुणं आणत होतो ती माझी हौस. तिचा त्यात बिलकुल दोष न्हाई."

बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मला रडू आवरेना. उभ्या जन्मात ज्या एका गोष्टीचा त्यांनी गर्व केला, ती त्यांनी सगळ्या गावासमोर माझ्यासाठी सोडून दिली होती. इतका मोठा माणूस मी जवळून दुसरा पाहिलेला नाही.

तरी संध्याकाळी स्टँडवर माझा जीव खालीवर होत होता. आता गावी आलेच आहेत, तर थांबतो म्हणतील. विचारायचा धीर होईना. एसटी लागली. मामाजी आमच्या आधी चढले, नातीला खिडकीशी बसवलं, शेजारी स्वतः बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या तुला किती वाजता निघायचंय, बाई?"