वकीलसाहेबांची वजावट

वाट पाहण्यात गेलेला वेळ कुठे ना कुठे वजा झालाच पाहिजे, यावर रामवाडीतल्या आमच्या शेजारच्या वकिलांची जेवढी श्रद्धा होती, तेवढी लोकांची देवावरसुद्धा नसते. शिक्षा लागण्याआधी आरोपीने कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. कोर्टात त्याला सेट-ऑफ म्हणतात. हे कलम त्यांनी कोर्टापुरते ठेवले असते तर आम्हा शेजाऱ्यांची तक्रार नव्हती. पण रोह्याची एसटी उशिरा आली की हे बसलेल्या माणसाला खुशाल म्हणत, "माझी उभं राहायची शिक्षा स्टँडवरच भोगून झाली. आता तुम्ही उठा." गडबच्या एका लग्नात मुहूर्त टळला, तर अक्षता पडायच्या आधीच हे पानावर बसले. वर यजमानांना ऐकवले, "माझं ताटकळून झालंय, ते वजा धरा." त्यांच्या सौभाग्यवती म्हणायच्या, "यांच्या होकाराची वर्षभर वाट बघितली मी. ते वर्ष कशातून वजा करू, तेवढं विचारा त्यांना!" यावर मात्र वकीलसाहेबांना ठसका लागायचा.

माझी नोकरी रोह्याला, त्यामुळे त्यांची तिथल्या कोर्टात तारीख असेल त्या दिवशी आमचा प्रवास एकत्र होई. न्यायाधीशांच्या तोंडून 'महिने' हा शब्द पुरता निघायच्या आत हे "साहेब, सेट-ऑफ!" म्हणून उभे राहत. एकदा तर दुसऱ्याच वकिलाच्या खटल्यात उठले. आरोपीला नुसता दंड झाला होता. "दंडातून काय वजा करू, वकीलसाहेब?" असे न्यायाधीशांनी विचारले तेव्हा शिपाईसुद्धा हसला म्हणे.

मग धर्माचा खटला आला. धर्मा खाडीकाठचा, दुसऱ्याच्या मिठागरावर राबणारा. नागोठण्याकडच्या एका कोलंबीच्या तळ्यावरचा पंप चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. जामीन मंजूर झाला, पण जामीनदाराला सातबारा लागतो, आणि धर्माच्या गोतावळ्यात तो कोणाकडेच नव्हता. त्यामुळे तो आतच राहिला. इकडे पोरीचे लग्न ठरलेले. वकीलसाहेबांनी त्याला समजावले, "गुन्हा कबूल कर. आत काढलेस त्याहून जास्त शिक्षा साहेब बहुतेक देणार नाहीत. सगळं वजा होईल आणि लग्नाला घरी असशील."

धर्मा म्हणाला, "वकीलसाहेब, म्या पंप नेला नाय. मंग नेला म्हनून कसा सांगू? पोरीला सासरी चोराची पोर म्हनतील."

"अरे, पण लग्न चुकेल!"

"चुकंल. पर पोर नांदंल."

लग्न झाले. कन्यादान मामाने केले. पावसाळ्यानंतर कधीतरी धर्मा निर्दोष सुटला. मी पेढे मागितले तर वकीलसाहेब माझ्यावरच खेकसले. "कसले पेढे? चोर असता तर आतले महिने कामी आले असते. सुटला, आता ते वजा कशातून करू?" केस जिंकून एवढा रडवेला झालेला वकील मी दुसरा पाहिला नाही, आणि मला त्या दिवशी त्यांची थट्टा करवली नाही.

धर्मा एवढेच म्हणाला, "पयलं पोरीच्या गावाला जाऊ."

आम्ही तिघेही गेलो. धर्मा अंगणाच्या कडेलाच थांबला, पुढे येईना. वकीलसाहेब काळ्या कोटात घामाघूम उभे राहिले आणि कोणी विचारलेले नसताना, कोर्टात बोलत त्याहून मोठ्या आवाजात त्यांनी सांगितले, "या माणसानं चोरी केलेली नाही. कोर्टानं निर्दोष सोडलंय." शेजारपाजारचे दारात आले. त्यांच्यासाठी त्यांनी ते पुन्हा सांगितले.

पोरीची सासू ओटीवर आली. मग आत वळून म्हणाली, "सूनबाई, पानी आन गो. तुजा बापूस आलाय." आणि धर्माकडे बघून, "व्याही, भायेर काय उभे? वर या."

धर्मा पायरी चढला. वकीलसाहेब मात्र खालीच उभे राहिले आणि चष्मा काढून कोटाच्या बाहीने पुसत राहिले. बराच वेळ.